इंजिन ऑइलची तपासणी : वेगवान गाडीच्या इंजिनाची झीज ओळखण्याची रीत

चालत्या इंजिनात भाग एकमेकांवर घासले जातात आणि त्यांतून धातूचे सूक्ष्म कण सुटून ऑइलमध्ये मिसळतात. मोठे कण फिल्टरमध्ये अडकतात. बारीक कण त्यातून पार होऊन ऑइलबरोबर फिरत राहतात. ऑइल बदलताना काढलेल्या जुन्या ऑइलमध्ये कोणता धातू किती आहे हे मोजले, तर इंजिन न उघडता त्याचा कोणता भाग झिजतो आहे याचा अंदाज बांधता येतो. वापरलेल्या ऑइलच्या तपासणीचे तत्त्व एवढेच आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न या रेल्वेने डिझेल इंजिनांसाठी ही रीत वापरली आणि १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी ती उचलली. आज ट्रकांचे ताफे, जहाजे, जनरेटर आणि पवनचक्क्या यांच्या देखभालीत ती नेहमीची झाली आहे.

प्रयोगशाळेत नमुना प्लाझ्मात किंवा विजेच्या ठिणगीत जाळतात. तापलेले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश फेकते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण काढतात आणि ते पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असे देतात. एक किलो ऑइलमध्ये एक मिलिग्रॅम धातू म्हणजे १ पीपीएम. इंजिनात साडेसात किलो ऑइल असेल, तर १० पीपीएम शिसे म्हणजे अवघे ७५ मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. इतकी बारीक झीज दिसते हे या तपासणीचे बळ आहे. मात्र तो आकडा कोणत्या इंजिनाचा, कोणत्या ऑइलचा आणि किती किलोमीटरचा हे माहीत नसेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

वेगवान इंजिनाला तपासणी का हवी

इंजिनाचे फेरे वाढतात तसा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर जो भार असतो, तो ८,३०० फेऱ्यांवर जवळजवळ दुप्पट होतो. हा सगळा भार क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधल्या बेअरिंगवर येतो. तिथे धातूला धातू लागू न देणारी ऑइलची पापुद्र्याएवढी फिल्म तेवढी असते.

बीएमडब्ल्यूचे एस६५ इंजिन हे याचे चांगले उदाहरण आहे. २००७ ते २०१३ या काळातील एम३ गाडीत बसवलेले हे ४ लिटरचे व्ही-८ इंजिन ८,३०० फेऱ्यांवर ४२० पीएस शक्ती देते. त्याच्या पिस्टनचा स्ट्रोक ७५.२ मिलिमीटर असल्याने त्या फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २०.८ मीटर होतो. त्यात सुमारे ८.८ लिटर ऑइल बसते आणि कंपनीने त्यासाठी १०डब्ल्यू-६० हा दाट ग्रेड सांगितला होता. या इंजिनाची कनेक्टिंग रॉडची बेअरिंग लवकर झिजतात, असा अनुभव जगभरच्या मालकांना आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्यांना आला. बेअरिंगमधली फट कमी असणे हे त्याचे एक कारण पुष्कळ जण सांगतात. झिजलेले बेअरिंग वेळीच बदलले, तर खर्च बेअरिंगचा आणि मजुरीचा. ते निखळले, तर क्रँकशाफ्ट, रॉड आणि कधी कधी अख्खा ब्लॉक हातचा जातो. म्हणून या गाड्यांचे मालक प्रत्येक वेळी ऑइल तपासून घेऊ लागले.

अहवालात काय असते

अहवालाचे ढोबळ चार भाग पडतात. पहिला भाग झिजेच्या धातूंचा. लोह सिलिंडरची ओतीव लोखंडी भिंत, कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट, टायमिंग चेन आणि ऑइल पंप यांतून येते. ॲल्युमिनियम मुख्यतः पिस्टनमधून, काही इंजिनांत बेअरिंगमधूनही येते. क्रोमियम पिस्टन रिंगच्या मुलाम्यातून, तर शिसे, कथील आणि तांबे बेअरिंगमधून येतात. तांबे बुशांमधूनही येते. ऑइल कूलरच्या नळ्या तांब्याच्या असतील, तर नव्या गाडीत रासायनिक क्रियेनेच तांबे सुटते. ती झीज नसते.

दुसरा भाग ऑइलमध्ये कारखान्यातच घातलेल्या पूरक द्रव्यांचा. जस्त आणि फॉस्फरस ही झीजरोधक द्रव्ये, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही सफाईची आणि आम्ल मारणारी द्रव्ये. मॉलिब्डेनम, बोरॉन आणि काही ऑइलमध्ये टायटॅनियम हीही मुद्दाम घातलेली असतात. त्यामुळे अहवालात मॉलिब्डेनम दिसले म्हणून रिंगचा मुलामा निघाला असे समजायचे कारण नाही. त्याच ब्रँडच्या आणि ग्रेडच्या न वापरलेल्या ऑइलचा एक नमुना एकदा तपासून ठेवावा. मुळात काय होते आणि नंतर काय आले हे त्यावरून वेगळे करता येते.

तिसरा भाग बाहेरून शिरलेल्या गोष्टींचा. सिलिकॉन बहुधा धुळीतून, सोडियम आणि पोटॅशियम कूलंटमधून येतात. पाणी, ग्लायकॉल, पेट्रोल आणि काजळी यांची नोंदही इथेच असते.

चौथा भाग ऑइलच्या प्रकृतीचा. १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, सेंटिस्टोकमध्ये देतात. एसएई जे३०० या मानकानुसार ६० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा २१.९ ते २६.१, ५० चा १६.३ ते २१.९, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ३० चा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावा लागतो. १०डब्ल्यू-६० ऑइलचा आकडा १९ वर आला, तर ते प्रत्यक्षात ५० ग्रेडचे झाले आहे. दाटपणा दोन कारणांनी उतरतो. ऑइलमधल्या लांबलचक रेणूंचे फेऱ्यांच्या माऱ्याने तुकडे होतात, किंवा पेट्रोल मिसळते. पेट्रोल मिसळले असेल, तर ऑइलचा पेट घेण्याचा तापमानबिंदूही खाली येतो. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. याच भागात टीबीएन असतो. ज्वलनातून तयार होणारे आम्ल मारण्याची ऑइलची उरलेली ताकद म्हणजे टीबीएन. हा आकडा उतरत असतो, तर आम्लता दाखवणारा टीएएन चढत असतो. दोन्ही एकमेकांच्या जवळ आले की ऑइलचे आयुष्य संपत आले असे समजावे.

आधी इंजिनातले धातू ओळखावेत

अहवाल वाचण्यापूर्वी आपल्या इंजिनाचा कोणता भाग कोणत्या धातूचा आहे, याची यादी करून ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम. एस६५ मध्ये त्याचे महत्त्व लख्ख दिसते. सुरुवातीच्या इंजिनांत शिसे-तांब्याची बेअरिंग होती. पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर, त्यावर निकेलचा अतिशय पातळ पडदा आणि सर्वांत वर शिसे-कथलाचा काही मायक्रॉन जाडीचा मऊ थर, अशी या प्रकारच्या बेअरिंगची ठेवण असते. ते झिजू लागले की आधी शिसे आणि कथील चढते. वरचा थर संपल्यावर तांबे डोके वर काढते. म्हणून शिसे उतरले आणि त्याच वेळी तांबे चढले, तर हायसे वाटण्याजोगे काही नाही. झीज खालच्या थरापर्यंत पोहोचल्याची ती खूण असू शकते.

नंतरच्या काळात कंपनीने याच इंजिनात ॲल्युमिनियम-कथलाची बेअरिंग वापरायला सुरुवात केली. त्यांत शिसे जवळजवळ नसल्याने बेअरिंग कितीही झिजले, तरी अहवालात शिशाचा आकडा शून्याजवळच राहतो. अशा गाडीच्या मालकाने जुन्या गाड्यांचे आकडे समोर ठेवून समाधान मानले, तर त्याची फसगत ठरलेली. त्याने ॲल्युमिनियम आणि कथील यांच्याकडे पाहायला हवे. त्यातही ॲल्युमिनियम पिस्टनमधूनही येते. शिवाय या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंती ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या आहेत. त्यामुळे सिलिकॉन वाढले की ते धुळीचेच, असे इथे एकदम म्हणता येत नाही. गाडी कोणत्या वर्षाची, बेअरिंग मूळचे की बदललेले आणि बदलले असल्यास कोणत्या धातूचे, याची नोंद अहवालांच्या फायलीत पहिल्या पानावर असावी.

पेट्रोलचीही नोंद हवी. काही रेसिंग पेट्रोलमध्ये शिसे असते. ते वापरले की ऑइलमध्ये शिसे भरमसाट वाढते आणि बेअरिंगचे शिसे त्यात हरवून जाते. ऑक्टेन वाढवणाऱ्या काही द्रवांत मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात. ती अहवालात झिजेचे सोंग घेऊन येतात.

एका बेअरिंगचा हिशेब

किती झीज झाली म्हणजे किती पीपीएम चढते, हे एकदा हिशेब मांडून पाहावे. ५० मिलिमीटर व्यासाचे आणि २० मिलिमीटर रुंदीचे एक बेअरिंग घेतले, तर त्याच्या आतल्या पृष्ठाचे क्षेत्रफळ सुमारे ३,१४० चौरस मिलिमीटर भरते. या सगळ्या पृष्ठावरून एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा थर गेला, तर ३.१४ घन मिलिमीटर मऊ मिश्रधातू सुटतो. त्याचे वजन सुमारे ३५ मिलिग्रॅम आणि त्यात नव्वद टक्के शिसे धरले, तर ३१ मिलिग्रॅम. साडेसात किलो ऑइलमध्ये याचे ४ पीपीएम होतात.

प्रत्यक्षात बेअरिंग सगळीकडून सारखे झिजत नाही. समजा, आठांपैकी एकाच बेअरिंगचा पाव भाग १० मायक्रॉन खोल झिजला. अशा वेळी सुटणारे एकूण शिसे १० पीपीएमच्या आसपास असते. ही झीज ऑइलच्या तीन बदलांत विभागून झाली, तर प्रत्येक अहवालात साडेतीन पीपीएमचीच भर दिसते. काही कण फिल्टरमध्ये आणि तळाच्या गाळात अडकतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहूनही कमी येतो. एक बेअरिंग धोक्याच्या वाटेवर असताना अहवाल जेमतेम तीन-चार पीपीएमने हलतो. म्हणून "इतक्या पीपीएमपर्यंत सुरक्षित" असा सरसकट आकडा धरून चालत नाही. आपल्याच इंजिनाच्या मागच्या आकड्यांशी तुलना केली, तरच इतका लहान बदल डोळ्यांत भरतो.

नमुना कसा घ्यावा

चुकीच्या नमुन्याचा अहवाल कितीही नेटका छापलेला असला, तरी तो दिशाभूलच करतो. नमुना घेण्यापूर्वी गाडी किमान वीस-पंचवीस मिनिटे चालवून ऑइल पूर्ण गरम करावे, म्हणजे कण सगळीकडे सारखे पसरतात आणि ओलावा व पेट्रोलही थोडे उडून जाते. गरम ऑइलने भाजू नये म्हणून हातमोजे घालावेत. गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर किंवा रॅम्पवर घ्यावी. ड्रेन बोल्टभोवतीची माती पुसून काढावी, नाहीतर तीच अहवालात सिलिकॉन म्हणून येते. बोल्ट काढल्यावर सुरुवातीची धार जाऊ द्यावी आणि मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या कोरड्या, स्वच्छ बाटलीत थेट धरावी. शेवटचे थेंब घेऊ नयेत, कारण त्यांत तळाचा गाळ असतो. ऑइल गोळा केलेल्या भांड्यातून नमुना कधीही काढू नये. बहुतेक ठिकाणी शंभर मिलिलिटर पुरते.

दोन बदलांच्या मध्ये नमुना हवा असेल, तर डिपस्टिकच्या नळीतून बारीक प्लॅस्टिकची नळी घालून हातपंपाने ऑइल ओढता येते. नळी दरवेळी नवी वापरावी आणि तळाला टेकू देऊ नये. एकदा जी पद्धत धरली तीच पुढे चालू ठेवावी.

बाटलीबरोबर गाडीचे आणि इंजिनाचे मॉडेल, एकूण किलोमीटर, या ऑइलवर झालेले किलोमीटर, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, मध्ये घातलेले टॉपअप, अलीकडे झालेली दुरुस्ती आणि ट्रॅकवर घालवलेले तास लिहून द्यावेत. ट्रॅकवरचे पन्नास किलोमीटर आणि महामार्गावरचे पन्नास किलोमीटर इंजिनाच्या दृष्टीने एक नव्हेत. चेन्नईजवळच्या किंवा कोइंबतूरच्या सर्किटवर दिवस घालवून आलेल्या गाडीचा नमुना रोजच्या वापराच्या नमुन्यांत मिसळू नये. त्याची वेगळी रांग ठेवावी.

आकडे वाचण्याची पद्धत

पहिला अहवाल हा पायाच असतो. त्यातून फार तर ढोबळ बिघाड, कूलंटची गळती किंवा धुळीचा शिरकाव, कळतो. झिजेबद्दल बोलायला निदान तीन अहवाल हवेत आणि ते एकाच ऑइलचे, एकाच प्रयोगशाळेचे आणि साधारण सारख्या अंतराचे असावेत. अंतर वेगळे असेल, तर धातूचा आकडा दर हजार किलोमीटरवर आणावा. ८,००० किलोमीटरला २४ पीपीएम लोह आणि १२,००० किलोमीटरला ३६ पीपीएम लोह या दोन्ही आकड्यांत दर हजारी ३ चाच वेग आहे. ५,००० किलोमीटरला २५ पीपीएम आले, तर आकडा ३६ पेक्षा लहान दिसला तरी वेग ५ वर गेलेला असतो. फार थोड्या किलोमीटरच्या नमुन्याला मात्र हा हिशेब लावू नये. ऑइल सोडल्यावरही कूलरमध्ये आणि खाचाखोचांत जुने ऑइल उरते. ते दहावा हिस्सा असेल आणि त्यात ६० पीपीएम लोह असेल, तर नव्या ऑइलची सुरुवातच ६ पीपीएमपासून होते.

टॉपअपने आकडे पातळ होतात. सात लिटर ऑइलमध्ये ४० पीपीएम लोह असताना एक लिटर नवे घातले, तर आकडा ३५ वर येतो. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनात पहिल्या दोन-तीन बदलांपर्यंत लोह, तांबे आणि सिलिकॉन चढे असतात आणि पुढे उतरत जातात. ऑइलचा ब्रँड बदलला की नव्या ऑइलची सफाईची द्रव्ये जुना थर सोडवतात आणि एखाद-दुसरा अहवाल वेडावाकडा येतो. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत गंजाने लोह वाढू शकते.

एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची जोडी अधिक बोलते. सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम, लोह आणि क्रोमियमही वाढले, तर धूळ आत जाऊन सिलिंडर आणि रिंग खाते आहे. अशा वेळी एअर फिल्टर नीट बसला आहे का आणि त्यापुढच्या पाइपचे क्लॅम्प घट्ट आहेत का, हे पाहावे. ऑइल लावलेला सुती रेसिंग फिल्टर बसवल्यानंतर हे आकडे आवर्जून पाहावेत. सिलिकॉन एकटेच वाढले आणि नुकतेच गॅस्केटचे काम झाले असेल, तर ते सीलंटमधून आलेले असते. पुढच्या दोन बदलांत ते ओसरते. सोडियम आणि पोटॅशियम एकत्र चढले, तर कूलंटची पातळी आणि हेड गॅस्केट तपासावे. कूलंटमधले पाणी उष्णतेने उडून जाते, पण हे क्षार ऑइलमध्ये राहतात. म्हणून अहवालात पाणी नाही एवढ्यावर कूलंटची गळती नाही असे म्हणता येत नाही.

पेट्रोल मिसळणे हे थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांचे नेहमीचे दुखणे आहे. शहरात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, पूर्ण न तापणारे इंजिन आणि सतत थांबत जाणे यांनी ते वाढते. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर तासभर सलग चालवली, तर बरेचसे पेट्रोल उडून जाते. त्यानंतरही प्रमाण दोन टक्क्यांच्या वर राहिले आणि दाटपणा ग्रेडखाली गेला, तर ऑइल लवकर बदलावे आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

तपासणीला न दिसणारी झीज

प्रकाशाच्या पद्धतीने मोजणाऱ्या यंत्रांना साधारण पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट मोजता येतात. त्याहून मोठा कण पुरता जळत नाही, त्यामुळे हिशेबात येत नाही. घासून होणारी झीज बारीक कण देते, म्हणून ती दिसते. पण बॉल बेअरिंगचा पृष्ठभाग थकून टवके उडू लागले, तर ते टवके मोठे असतात. पोर्शच्या एम९६ मालिकेतील इंजिनांत मधल्या शाफ्टचे बॉल बेअरिंग जेव्हा खराब होते, तेव्हा त्याचे लोखंडी टवके आधी फिल्टरमध्ये सापडतात. अशा वेळी पीपीएमचे आकडे शांत असू शकतात.

म्हणून दर बदलाला जुना फिल्टर उघडून पाहणे हा तपासणीचाच भाग मानावा. पत्र्याचा डबा असलेला फिल्टर हॅकसॉने कापू नये, कारण करवतीचा कीस आत पडतो. त्यासाठी डब्याच्या कडेवर फिरवायचा कटर मिळतो. आतला घडीचा कागद काढून ऑइल निथळू द्यावे, घड्या उलगडून उन्हात धराव्यात आणि भिंगातून पाहाव्यात. चुंबकाला चिकटतो तो कण लोखंडी. न चिकटणारा चंदेरी कण ॲल्युमिनियमचा किंवा बेअरिंगच्या मऊ थराचा, तांबूस कण बेअरिंगच्या खालच्या थराचा किंवा बुशचा. क्वचित दिसणारी बारीक चमक काळजीची नसते. नखावर घेता येईल असा टवका किंवा पापुद्रा सापडला, तर आकड्यांची वाट पाहू नये. चुंबकी ड्रेन बोल्ट बसवला, तर त्यावरचा लेपही प्रत्येक वेळी पुसून त्याचा फोटो ठेवावा.

फिल्म तुटून बेअरिंग काही सेकंदांत जळते, तेव्हा कोणताही अहवाल आधी सूचना देत नाही. ट्रॅकवरच्या लांब वळणात पंपाच्या तोंडाशी ऑइल न पोहोचणे, थंड इंजिन एकदम लाल रेषेपर्यंत नेणे किंवा ऑइलची पातळी खाली असणे ही त्याची कारणे असतात. ऑइल गरम होईपर्यंत फेरे कमी ठेवणे आणि पातळी नियमित पाहणे याला तपासणीचा पर्याय नाही.

आकडा चढल्यावर काय करावे

एखाद्या धातूचा दर हजारी वेग नेहमीच्या दीडपट झाला, तर आधी नोंदी पाहाव्यात. अंतर, टॉपअप, पेट्रोल, दुरुस्ती किंवा ट्रॅकचा दिवस यांतून कारण सापडते का ते तपासावे. वेग दुप्पट झाला, तर पुढचा बदल अर्ध्या अंतरावर करून पुन्हा नमुना पाठवावा आणि तोवर उंच फेरे टाळावेत. दुसऱ्या नमुन्यातही चढण कायम राहिली, फिल्टरमध्ये कण दिसले, गरम इंजिनाचा ऑइलचा दाब पूर्वीपेक्षा उतरला किंवा खालून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला, तर यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी जुळताच इंजिन उघडून पाहावे. ठोक्याचा आवाज एकटा आला, तरी गाडी जागेवरच बंद करून उचलून न्यावी.

एस६५ सारख्या इंजिनात ऑइलचे पॅन उतरवून क्रँकशाफ्ट जागेवरच ठेवून कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बदलता येतात. काढलेल्या जोड्या सिलिंडरच्या क्रमाने मांडून त्यांवर खुणा कराव्यात, फोटो काढावेत आणि वरचा थर कुठे कुठे गेला आहे ते मागच्या अहवालांशी ताडून पाहावे. आपल्या इंजिनात किती झीज म्हणजे किती पीपीएम, हे त्या दिवशी प्रत्यक्ष कळते. नव्या बेअरिंगचा धातू फायलीत लिहून तिथून नवी मालिका सुरू करावी. जुने आकडे पुढे तुलनेला वापरू नयेत.